माणूस बघून गाणं

मला रोज मस्तगडला सोडणारे रिक्षावाले काका माणूस बघून गाणं लावतात. मास्तर बसले की गझल, कॉलेजची पोरं बसली की डीजे. "पोरांना शब्दांचं गाणं दिलं तर ह्यांचं डोकं दुखंल. गाण्यावरून अक्कल बराबर कळते," म्हणतात.

मी बसले की मात्र ते गाणं बंद करायचे. "तुमचं सापडून न्हाई राह्यलं, ताई." मला ते बरं वाटायचं. माझ्या मनातलं कुणाला कळू नये, अशीच मी राहते.

काल मी बसताच त्यांनी एक गाणं लावलं. ते मी फक्त माझ्या खोलीत, दार लावून, हेडफोनवर ऐकते. घरातही कुणाला माहीत नाही.

आरशात माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हेच ना?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी आवाज थोडा वाढवला.