आटोपलं का?

रूपालीच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. सिंदी मेघेच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकवायची, तेव्हा पोरं चिडीचूप.

"एकच काम अनेक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, मिळून करतात," ती सांगायची. "एकमेकींना दिसत नाहीत, फक्त निरोप धाडतात. सगळ्या हजर झाल्या की सुरू. सगळ्यांनी 'आटोपलं' म्हटलं की सुट्टी. अल्लीपूरला आमचे सासरे, मामाजी, डुकरं हाकतात, तसंच!"

पोरं खुसखुसायची. माणूस मेला तरी गावात म्हणतात, त्याचं आटोपलं.

रविवारी सकाळी तुरीत रानडुकरं शिरली. सासरे नानाजी, नवरा अंकुश, दीर पीयूष आणि रूपाली चार बाजूंना उभे राहिले. तूर डोक्याच्या वर, कोणाला कोणी दिसेना.

"हजर?" नानाजी ओरडले.

तिघांचं "हजर!" आलं आणि डबे बडवत सगळे आत घुसले. पीयूषच्या कुऱ्हाडीच्या दांड्यानं एकाचं थोबाड फोडलं. ते रक्त उडवत, किंचाळत अंकुशच्या बाजूला पळालं. मग सगळं शांत.

"आटोपलं का?"

"आटोपलं!" पीयूष. "आटोपलं!" रूपाली. अंकुशचा आवाजच नाही.

"गेला असन चहाले," पीयूष धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दोघांजवळ येत म्हणाला. मागच्या खेपेलाही अंकुश असाच न सांगता सटकला होता.

रूपालीचं डोकंच फिरलं. "घरी सापडू दे, तंगडंच तोडतो! चला मामाजी."

"त्याचा आवाज आल्याबिगर हलाचं नाई," नानाजी जागचे हलेनात.

'काऊन ताटकळता?' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तिला आपलाच धडा आठवला. सटकलेली प्रोसेस गप्प असते. मेलेलीही गप्पच असते. पोरांना हे तीच तर घसा फोडून सांगायची!

पीयूषच्या हातची कुऱ्हाड हिसकून ती तुरीत धावली. अंकुश उताणा पडला होता, सुळ्यानं मांडी फाटलेली, आणि ते डुक्कर पुन्हा त्याच्यावर चालून येत होतं. रूपालीनं कुऱ्हाड डुकराच्या मानेत घातली. पुन्हा घातली. ते लोळलं तरी घालतच राहिली. मग ओढणी फाडून तिनं मांडी आवळली. रक्त थांबेना.

"अंकुश, आटोपलं का रे?" धुऱ्यावरून नानाजींची हाक आली.

अंकुशचे ओठ हलले. रूपालीनं रक्ताळलेला हात त्याच्या तोंडावर दाबला.

"खबरदार, तो शब्द काढसान तं!" आणि गळा फाटेस्तोवर ओरडली, "नाई मामाजी! नाई आटोपलं! गाडी आणा!"