खोकल्यासकट ऑपेरा

अड्यारमध्ये मी श्रवणयंत्रे जुळवून देते. तंजावूरकडची मराठी बोलणाऱ्या एका आजोबांनी नवे यंत्र कानात घालून फोनवर एका जर्मन ऑपेरामालिकेचे, भरल्या नाट्यगृहातले जुने ध्वनिमुद्रण लावले आणि सवयीने मांडीवर ताल धरला. हात लगेच थांबला.

“अय्यो, डॉक्टरम्मा, तुताऱ्या पत्र्यासारख्या वाजतात. अन् मधेमधे प्रेक्षक खोकायचे, ते कुठं गेले?”

“यंत्र खोकल्याला गोंगाट समजून दाबतं. माझं बोलणं स्पष्ट येतंय ना?”

“येतंय की. पण घरात बोलणारं कोण आहे? त्या लोकांत बसूनच ऐकतो मी.”

मी बराच वेळ यंत्राचे सेटिंग बदलत राहिले. खोकला परत आला. सूर मात्र विस्कटलेलेच राहिले, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. तसे मी सांगितले.

“असू दे,” ते म्हणाले, “सोबत तरी आली.”