शेवटचा हात कोणाचा

आमच्या इंदिरानगरात धम्मपालचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, एका शटरचं. आत दोन खुर्च्या. एक त्याची, एक गिऱ्हाइकाची. पण गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर रोज दहा ते एक मीच बसलेला असतो, म्हणून गिऱ्हाईक उभं राहतं. धम्मपालने एकदाही मला उठवलेलं नाही. माणूस कसा आहे ते एवढ्यावरूनच ओळखा.

मी सायखेड्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेलो, पाटी थुंकीने पुसणाऱ्यांतला. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण धम्मपालची कामाची पद्धत बघायला मला फार आवडतं. मशीन टेबलावर आलं की तो "काय झालं?" असं विचारत नाही. तो विचारतो, "शेवटचा हात कोणाचा लागला?" अंबडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं बोर्ड तपासायला होता, तिथली ही सवय. एकदा एक मास्तर छाती ठोकून म्हणाले, कोणीच हात लावला नाही. आत पालीचं अंडं निघालं. धम्मपाल गंभीरपणे म्हणाला, "सर, मग पालीचा." मी तीन दिवस आठवून आठवून हसत होतो.

तर मार्गशीर्षात एका सकाळी दुकानासमोर झेंडूचा टेम्पो थांबला आणि गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर पोटाशी धरून सखुबाई उतरल्या. सायखेड्याच्याच. त्यांचे सासरे माझ्या वर्गात होते. सखुबाईंचा मुलगा जीवन श्रावणात डेंग्यूने गेला, चोवीस वर्षांचा, हे मला ठाऊक होतं. मी खुर्ची सोडली.

धम्मपालने नेहमीचा प्रश्न विचारला.

"जीवनचा," बाई लगेच म्हणाल्या. "त्याच्यामागं कोणीच नाय. अन् दादा, आतलं ते कार्ड त्याच्या हातचं हाय. ते काढू नका. काय करायचं ते तसंच करा."

"नाही काढत," धम्मपाल म्हणाला.

जीवन त्या मशीनवर एक खेळ बनवत होता. त्यात त्यांचंच झेंडूचं वावर, त्यांचीच विहीर, आणि वावरातून चालणारा एक माणूस. "त्यानं सोताची चाल घातलीय त्याला," सखुबाई म्हणाल्या. "पुरा झाला की दाखवतो म्हनायचा. मला एकदा बघायचाय." तो खेळ चालायला जाडजूड ग्राफिक्स कार्ड लागायचं, आणि दसऱ्यापासून मशीनला ते कार्ड सापडतच नव्हतं.

धम्मपालने पडद्याची वायर कार्डाला लावून पाहिली, पडदा काळा. मुख्य बोर्डाला लावली तर पडदा उजळला, पण खेळ उघडायला गेलं की एकच ओळ, कार्ड सापडत नाही. कार्डाला वीज देणारी वायर बदलली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिलं, तिथे ती जागा रिकामी.

"आबा," तो मला म्हणाला, "कार्ड डोळ्यांसमोर आहे, त्याचा पंखा फिरतोय, आणि मशीन म्हणतंय इथे कोणी नाही."

तो पंखाही विचित्र. मधूनच जोर धरायचा, कोणी धापा टाकत बांधावरून यावं तसा, मग मंद व्हायचा. भर दुपारचं ऊन, बाहेर कोथिंबिरीवाला ओरडतोय, आणि मी खुर्ची हळूच दाराकडे सरकवली. धम्मपाल असल्या गोष्टी मानत नाही. पण तिसऱ्या दिवशी पाहिलं, त्या उघड्या डब्याकडे पाठ करून तोही बसत नव्हता.

"काढून बघ ना एकदा," मी म्हटलं.

"शब्द दिलाय, आबा."

"बाईंना कळणारे का?"

"मला कळेल ना."

चौथ्या दिवशी सखुबाई आल्या. धम्मपालने त्यांना बसवलं. "मावशी, बाहेरून करण्यासारखं सगळं करून झालं. रागावू नका, पुन्हा विचारतो. शेवटचा हात कोणाचा लागला?"

बाई पदराचा काठ मुठीत चुरू लागल्या. पंख्याने जोर धरला, तशी त्यांनी दचकून तिकडे पाहिलं.

"माझा," त्या म्हणाल्या.

जीवन दर खंडेनवमीला ते कार्ड काढून पाटावर ठेवायचा, विळा, खुरपी, फवारणीच्या पंपाशेजारी. त्याला कुंकू लावून पुन्हा बसवायचा. यंदा घरात सण नव्हता, वर्ष सरायचं होतं. कोणी पाट मांडला नाही. सखुबाईंनी दार लावून घेतलं, त्याचं पाहून ठेवलं होतं तसं कार्ड काढलं, ओलं कुंकू लावलं आणि परत खोचलं. तेव्हापासून मशीन बोलेना.

"सण नसताना केलं म्हनून रागावलाय तो," बाई म्हणाल्या. "माझ्या हातानं गेला."

"काढू का?" धम्मपालने विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

कार्ड बाहेर आलं. पाठीच्या पत्र्यावर कुंकवाचे तीन सुकलेले ठिपके होते, एका ओळीत, रुंद अंगठ्याचे. आणि खालच्या बाजूला, बोर्डात बसणाऱ्या बारीक सोनेरी दातांवर, लाल बोट लांबवर फिरलेलं.

"मला वाटलं सोन्याचं ते तोंड," सखुबाई म्हणाल्या.

"मावशी, तो रागावलेला नाही. कुंकू दातांत बसलंय, म्हणून बोर्डाला हे लागत नाही. तुमचं पुसावं लागेल. त्याचे तिन्ही राहू देतो."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कोरं खोडरबर आणलं, शाळेतल्या पोरासारखा धावत. धम्मपालने एकेक दात हलक्या हाताने घासला. खोडरबर लाल होत गेलं, दात पिवळे झाले. बोर्डावरची खाच त्याने मऊ ब्रशने झाडली, कार्ड बसवलं, पडद्याची वायर त्याला जोडली, बटण दाबलं आणि खेळ उघडला.

पडद्यावर झेंडू उगवला. सकाळचं ऊन, विहीर, बांधावर कडुलिंब. पाठमोरा एक माणूस उभा होता. धम्मपालने सखुबाईंचं बोट बाणाच्या बटणावर ठेवलं, आणि तो डावा खांदा जरा पाडून चालू लागला. त्यांनी त्याला विहिरीपर्यंत नेलं, परत आणलं, तासभर तसाच चालवला.

"कुठंबी गेला तरी पाठच. माझ्याकडं वळत का नाय?"

धम्मपालने आतल्या फायली पाहिल्या. "चेहरा करायचा राहिला होता, मावशी."

त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "बंद केलं की हा कुठं जातो?"

"कुठे नाही. सोडाल तिथेच उभा असेल."

सखुबाईंनी त्याला सावकाश बांधाबांधाने चालवत कडुलिंबाखाली आणलं. "इथं सावली हाय," त्या म्हणाल्या.

धम्मपालने मशीन बंद करायला नेलेला हात मागे घेतला.

"तुम्हीच करा," तो म्हणाला.