मिठाईच्या खोक्याचा मुकुट

सकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं होतं. त्याच्याच खाली मेसेज होता : तांबेबाई गेल्या. मी आधी फुलाला अंगठा देऊन मोकळा झालो, मग खालचं वाचलं… आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. आदल्या संध्याकाळीच हॉस्पिटलात भेटून आलो होतो. बाई खाटेवर तणतणत होत्या, "मेल्यांनी चहात साखर घातली नाही रे!"

आमच्या मुलुंडच्या शाळेत बाई मराठी शिकवत आणि गॅदरिंग बसवत. आवाज असा, की त्यांनी वर्गात "गप्प!" म्हटलं की ठाण्यापर्यंतची कुत्री खाली बसत. मी गणिताचा मास्तर. आकडे सोडून सगळं फुगवतो, म्हणून त्या मला थापाड्या म्हणायच्या. बाई रंगाने काळ्या. "लहानपणी शाळेच्या नाटकात मला दरवर्षी राक्षसीण करायचे. मेकअपचा खर्च वाचायचा ना!" असं सांगून खदखदून हसायच्या, पण हसणं संपलं तरी हातातला खडू मोडत राहायच्या.

यंदा त्यांनी गॅदरिंगसाठी भारतमाता म्हणून सातवीतली लिनथोई निवडली. मूळची मणिपूरची, वडील इथल्याच एका हॉटेलात कुक, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. तरी पोरं तिला 'मोमो' म्हणत, 'चिंकी' म्हणत, डब्यात कुत्रा आणलास का विचारत. तालमीत मागून आवाज आला, "चायनीज भारतमाता!" सगळा हॉल हसला. लिनथोईने मुकुट काढून खुर्चीवर ठेवला. बाई स्टेजवरून जवळजवळ उडीच मारून खाली आल्या.

"कोण रे तो? भारतमातेला भेटलायस तू? नाक मोजलंस तिचं?"

"बाई, कॅलेंडरवर असते ना ती…"

"ती कॅलेंडरवाल्याची बायको असते, मेल्या!"

मग मुकुट उचलून त्यांनी लिनथोईच्या डोक्यावर दाबून बसवला. काजू कतलीच्या खोक्यापासून बाईंनीच केलेला, बाहेरून सोनेरी, आतून मिठाईवाल्याचा पत्ता.

बाईंची शोकसभा संपते न संपते तोच मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. "सर, भारतमाता बदलू या. पालकांचे फोन येतायत. दिसायला तरी आपली हवी, म्हणतात." मी म्हणालो, "सर, बाईंचा शेवटचा शब्द होता, 'लिनथोई'." मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? मी ऐकलेले बाईंचे खरे शेवटचे शब्द चहातल्या साखरेचे होते, ते मुख्याध्यापक आज इथे वाचतीलच. वाचू देत, गॅदरिंग झालं.

पडदा वर गेला आणि मागून "मोमो!" आलंच… लिनथोईचा मुकुट कलला, हातातला झेंडा मात्र कलला नाही. टाळ्यांनी हॉलचं प्लॅस्टर पडलं. बरं, नाही पडलं. टाळ्या बऱ्यापैकी झाल्या.

दुसऱ्या दिवशी मुकुट परत द्यायला ती स्टाफरूममध्ये आली. मी तो बाईंच्या कपाटावर ठेवला. ती जाईना.

"सर, अजून म्हणतात मला. आता त्यांना गप्प कोण करणार?"

जन्मात पहिल्यांदा मी थाप मारायची नाही असं ठरवलं.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत मी मुकुट खाली काढतो, पुसतो, वर ठेवतो आणि सातवीच्या दारात जाऊन उभा राहतो. माझं "गप्प!" ठाण्यापर्यंत जात नाही. मागच्या बाकापर्यंत तरी पोचतं का, रोज बघतोय…