चुलवाणापाशी तापलेली हलगी

उचगावच्या रस्त्यावर आज उसाच्या चिपाडांच्या धुराचा वास आला आणि मी गाडी एका गुऱ्हाळापाशी उभी केली. कॉलेजात असताना माझा जिवलग मित्र असाच एका संध्याकाळी आमच्या गुऱ्हाळावर धापा टाकत आला होता, बगलेत हलगी घेऊन. थोड्याच वेळात एक मोठे शाहीर त्याचं वाजवणं ऐकणार होते आणि अवकाळी पावसाच्या भुरभुरीनं हलगीचं कातडं पार ढिलं पडलं होतं. त्याचे हात गारठले होते, म्हणून हलगी मीच घेतली आणि चुलवाणाच्या धगधगत्या तोंडाशी धरून फिरवत राहिलो. वर मोठ्या काहिलीत उसाचा रस खदखदत होता. “फाटंल की रं,” तो म्हणाला. “न्हाय फाटत. तू हात शेक,” मी म्हणालो. मग त्यानं टिचकी मारली आणि कातडं खणखणीत वाजलं. शाहिरांनी त्याला आपल्या फडात घेतलं. पुढं तो टीव्हीवर दिसू लागला, तसे त्याचे फोन कमी होत गेले आणि मग थांबलेच. उद्या कोल्हापुरात त्याचा कार्यक्रम आहे आणि आजही हवा ओलसर आहे. मी गुऱ्हाळवाल्याकडं पोतंभर कोरडी चिपाडं मागितली. “कशाला वो पावणं?” त्यानं विचारलं. म्हटलं, “मित्राची हलगी तापवायची हाय.”