सरांच्या नावानं लिहिलेलं पत्र

दहावीपर्यंत मी मस्कतला शिकले आणि अकरावी-बारावी नेरला. हे वाक्य मी इतक्या फॉर्मांवर लिहिलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी आधी तेच तोंडातून निघेल. बाबा तिकडे एसी दुरुस्तीच्या कंपनीत होते. कंपनीनं गाशा गुंडाळला, मग आम्हीही गुंडाळला आणि बाबांच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला आलो. बाबांनी बसस्टँडजवळ फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मला गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात सायन्सला घातलं. ते शाळेच्याच इमारतीत भरायचं, म्हणून सगळे त्याला शाळाच म्हणत.

मस्कतच्या शाळेत मी कोणीच नव्हते. गुणांच्या यादीत वरून मोजा की खालून, मी मध्येच सापडायचे. तिथली प्रयोगशाळा मात्र बघत राहावी अशी होती. पांढऱ्या फरश्या, ओळीनं मांडलेले मायक्रोस्कोप, आणि त्यातल्या एकालाही हात लावायची परवानगी नाही. टीचर स्लाइड लावायच्या आणि आम्ही रांगेनं एकेक डोळा लावून पुढे सरकायचो, देवळात दर्शन घेतात तसे. नववी-दहावीच्या दोन वर्षांत मला त्या गोल उजेडात स्वतःच्या पापण्यांखेरीज काही दिसलं नाही.

नेरची प्रयोगशाळा म्हणजे मागच्या बाजूची एक लांब खोली. खिडकीची एक काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला. कपाटात बरण्या, स्लाइडांची पेटी आणि एकच धड मायक्रोस्कोप. आमचे जीवशास्त्राचे सर ठेंगणे, पान खाणारे, आवाज चढवायचा कंटाळा असलेले. पहिल्याच महिन्यात त्यांनी त्या कपाटाची चावी माझ्या हातात दिली.

"पाहून घे जे पाह्यचं आहे थे. फोडू नको फक्त."

शाळा सुटल्यावर मी तासभर तिथे बसायचे. कांद्याचा पापुद्रा, कपाशीच्या पानाची खालची बाजू, हौदातलं हिरवं पाणी. सर शेजारी वह्या तपासत बसत. काही दिसलं की मी ओरडायचे, मग ते चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहायचे आणि म्हणायचे, "हे तं मीबी आजच पाह्यलं." खोटं बोलत असणार. मला मात्र आभाळ ठेंगणं व्हायचं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण ही पाहुणी नेरला पोटभर जेवत होती.

बारावीत मी दूरच्या शहरातल्या एका कॉलेजला अर्ज करायचं ठरवलं. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. नुसत्या गुणांवर तिथे घेत नसत. निबंध हवा, मुलाखत हवी, आणि शिकवणाऱ्या शिक्षकाचं पत्र हवं. मस्कतच्या जुन्या मैत्रिणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यातल्या सगळ्याच कुठे ना कुठे अर्ज करत होत्या आणि सगळ्याच शहाण्या होत्या. त्यांचं एकमत होतं की कॉलेजवाल्यांना कष्टाची गोष्ट लागते. एकीनं लिहिलं, तुझं बरं आहे, तुला आयतीच मिळाली. मी विचार केला. माझ्याकडे कष्ट नव्हते, पण नेर होतं.

सरांना पत्र मागितलं, तर ते नेहमीचंच बोलले, "लिहून आण, सही करून देतो." आमच्याकडे हीच रीत होती. बोनाफाइड असो, चालचलणुकीचा दाखला असो, पोरांनी मजकूर लिहून आणायचा आणि सरांनी सही ठोकून जांभळा शिक्का मारायचा. यात आळस नव्हता. पोरं खोटं कशाला लिहितील, इतका साधा हिशोब होता.

मी लिहिलं. सरांच्या नावानं, इंग्रजीत, दोन पानं. ही मुलगी परदेशातल्या सुसज्ज शाळेतून आमच्या मागास गावात आली. आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही. तिच्या कित्येक प्रश्नांची उत्तरं मला स्वतःला देता आली नाहीत. तरीही ती एकटीच्या जिद्दीनं शिकली. असं सगळं. खरी गोष्ट अगदी उलटी होती, आणि आज वाटतं, कष्टाच्या गोष्टीपेक्षा ती कितीतरी चांगली होती. पण तेव्हा मला माझं इंग्रजी फार आवडलं होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. मी वासे काढून बाजारात नेले.

सरांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मला वाटलं, सही कुठे करायची ते शोधताहेत.

"हेच पाठवाचं आहे?"

"हो सर."

त्यांनी सही केली, शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली आणि कागद माझ्याकडे दिला.

मुलाखत मोबाइलवर, व्हिडिओ कॉलनं झाली. समोरच्या बाईंनी विचारलं, प्रयोगशाळेशिवाय तू जीवशास्त्र कसं शिकलीस? मी म्हटलं, भिंगानं. वडिलांच्या दुकानातल्या जुन्या भिंगानं. असं भिंग दुकानात नव्हतंच. बाईंचा चेहरा किती मऊ झाला ते मला अजून आठवतं. महिन्याभरात निवड झाल्याचं कळलं आणि बाबांनी दिवसभर दुकानात येईल त्याला चहा पाजला.

पेढे घेऊन सरांच्या घरी गेले. सरांनी अर्धा पेढा तोंडात टाकला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. मी म्हटलं, "सर, त्या पत्रात..."

"वाचलं होतं मी."

"कधी?"

"सही कराच्या आधी. इंग्रजी बोलता नाही येत मले, पण वाचता येते ना व. पुस्तकं इंग्रजीतच तं हायेत आपली."

खरंच होतं. ज्या पुस्तकांतून ते आम्हाला रोज शिकवत, ती इंग्रजीतच होती. आणि मी धरून चालले होते की माझी दोन पानं त्यांना कळणार नाहीत.

"मग सही काहून केली सर?" माझ्या तोंडून वऱ्हाडीच निघालं.

"तुले जायचं होतं ना."

मग ते म्हणाले, "माह्याबद्दल लिहिलं त्याचं काही नाही. शाळेबद्दल नव्हतं लिहाचं. मागून पोट्टेपोट्टी येऊन राह्यले. तिथं गेल्यावर जमलं तं सांगून देजो त्याइले."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून हो म्हटलं, हेही सांगते.

कॉलेजात गेल्यावर मी ऑफिसला खरं काय ते कळवणारं पत्र किती वेळा लिहायला घेतलं असेल. 'मला एक गोष्ट कळवायची आहे' इथपर्यंत यायचं आणि मग वाटायचं, जागा काढून घेतली तर? बाबांना काय सांगू? सहामाही झाली की सांगू. वार्षिक झाली की सांगू. तिथला मायक्रोस्कोप असा होता की सर असते तर चष्मा वर सरकवून तासभर हललेच नसते.

माझ्यानंतर वर्षभरानं आमच्याच शाळेतल्या एका मुलीनं त्याच कॉलेजला अर्ज केला. ती नेरजवळच्या तांड्यावरून एसटीनं यायची, माझ्या एक वर्ष मागची. माझ्यानंतर कपाटाची चावी तिच्याकडे गेली होती आणि तिनं त्या चावीचं माझ्यापेक्षा चीज केलं होतं. मुलाखत झाली त्याच दुपारी तिचा फोन आला.

"ताई, त्यायनं मले इचारलं, तुमच्या शाळेत यंदा नवीन लॅब बांधली का? मी म्हटलं, नाही, पह्यलेपासूनच आहे. तं ते म्हणाले, मागच्या सालच्या पत्रात तं लॅब नाही असं होतं, अन् एकमेकाच्या तोंडाकडेच पाहून राह्यले."

मी विचारलं, सरांनी तुझ्या पत्रात काय लिहिलंय?

"जे आहे थेच. आता सर लिहून आणलेल्या कागदावर सही नाही करत ना. स्वतःच लिहितात. दोन दिवस लागले त्याइले." मग म्हणाली, "मले वाटते, मागच्या साली दुसऱ्याच शाळेचं पत्र आपल्या नावावर गेलं. ताई, तुम्ही तं तिथंच शिकून राह्यल्या. हापिसात जाऊन सांगा ना, आपल्या शाळेत लॅब आहे म्हणून."

"सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रवेशाच्या ऑफिसात गेले. खरंच गेले. काउंटरमागच्या बाईंनी मान वर करून विचारलं, काय हवंय? माझ्या मागे दोघं उभे होते. मी म्हटलं, ओळखपत्राची दोरी तुटलीय, नवी मिळेल का? त्यांनी खणातून काढून दिली. मी ती गळ्यात घातली आणि तासाला जाऊन बसले. भित्री नव्हते मी, असं स्वतःला बरीच वर्षं समजावलं. होते. आणि माझ्या भित्रेपणाची किंमत दुसरीनं दिली, याची लाज अजून जात नाही.

तिची निवड झाली नाही. तिनं यवतमाळला बीएस्सीला नाव घातलं आणि मला फोन केला. आवाजात राग नव्हता.

"ताई, सांगितलं होतं का हापिसात?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"बरं झालं. मले नाही घेतलं तं नाही घेतलं. पण आपले सर खोटं लिहितात असं त्याइच्या डोक्यात राह्यलं असतं, तं मले झोप नसती आली. आताच सरांना सांगतो फोन करून, ताईनं सगळं साफ केलं म्हणून."

मी तिला अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा मेसेज आला. एकच शब्द होता, शाबास. मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.