आडाची बाटली

गावात पाणी तपासायला पाच बाया निवडल्या, त्यात माझा नंबर लागला. दोन दिवस जिंतूरला ट्रेनिंग झालं, एक पेटी मिळाली, गळ्यात अडकवायला कार्ड मिळालं. परत येताना एस्टीत ते कार्ड पदराआड गेलं की मी पुन्हा बाहेर काढायची. खोटं कशाला बोलू, डोक्यात हवा गेली होती माझ्या.

ती हवा काढायला घरात सासूबाई होत्याच. आमच्या दारात आड आहे. लग्न होऊन आल्यापासून त्या त्याचं पाणी शेंदतात आणि दुसऱ्या कुणाला पोहऱ्याला हात लावू देत नाहीत. त्या पाण्यात डाळ झटक्यात शिजते, त्या पाण्यानं पित्त जातं, पिंगळीच्या पाहुण्यांचा मुतखडा म्हणे त्यानंच पडला. मी मात्र पोरगी पाणी प्यायला लागल्यापासून टेम्पोवाल्याचा निळा जार लावला होता. वर सील असतं, पाणी थंडगार असतं, अजून काय पाहिजे? मी, नवरा आणि पोरगी जारवाले. सासूबाई एकट्या आडवाल्या. सकाळी टेम्पोचं गाणं वाजलं की त्या आतून ओरडायच्या, "आलं गं बाई तुमचं गंगाजळ!"

म्हणून मी ठरवलं, पहिली बाटली आपल्याच आडाची. बाटली म्हणजे बोटाएवढी शिशी, तळाला औषध. तिच्यात पाणी भरायचं, उबेला ठेवायचं, दोन दिवस थांबायचं. काळी झाली तर पाणी खराब, नाही झाली तर पिण्यासारखं. हे सगळं मी ओट्यावर उभी राहून, कार्ड नीट दिसेल अशी, समजावून सांगितलं.

"माझ्या आडाची परीक्षा घ्यायलीस व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "आण इकडं, मीच भरते."

माझे हात ज्वारीच्या पिठात होते. म्हटलं भरू दे, मान त्यांचाच. त्या आत-बाहेर करून बाटली भरून घेऊन आल्या. मी ती गोधड्यांच्या थप्पीत खुपसून ठेवली.

दोन दिवस बाई घरातून हलली नाही. येता-जाता थप्पीवर हात फिरवायची, जणू आत अंडी उबायला घातलीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बाटली काढली तर काळीकुट्ट!

मी नाचायचीच राहिले. "बघा आत्याबाई! किती दिवसांपासून सांगायलेय!" त्या गप्प. हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं, कारण आमच्या सासूबाई तापानं फणफणल्या तरी गप्प बसत नाहीत.

त्या दिवसापासून आडाचं पाणी बंद. नवऱ्यानं एकाच्या जागी दोन जार लावले. मी पोरीला पेल्यावर पेले पाजायला लागले, "पी माझी बाय, लय शुद्ध हाय." दोन दिवस सासूबाईंनी ते बघितलं. मग मी पोरीच्या तोंडाला पेला लावला आणि त्यांनी तो असा हिसकावला की सगळं पाणी माझ्या अंगावर, कार्डासकट.

"नको पाजू तिला ते! ती बाटली आडाची नव्हती. जारातलं पाणी भरलं होतं मी."

मला आधी कळेचना. कळल्यावर मात्र टाळकंच सरकलं. "एवढी बेइमानी? आणि ज्याला रोज नावं ठेवता तेच भरलंत?"

"पास व्हावं म्हणून भरलं ना!"

"म्हणजे तुमाला तुमच्याच आडाचा भरवसा न्हाई?"

"असता तर जारापाशी कशाला गेले असते?" असं म्हणून त्या पदरानं पोरीचं तोंड पुसायला लागल्या, आतपर्यंत, जिभेसकट. इज्जत जाईल म्हणून गप्प बसलेली बाई, पण नातीच्या पोटापुढं तिचं काही चाललं नाही. माझा राग तिथंच विरघळला. इतके दिवस सील बघून ते पाणी तिला मीच पाजत आले होते.

मग दोन बाटल्या भरल्या, एक आडाची, एक जाराची. ह्या वेळी मी पोहऱ्यापाशी पहारा दिला. दोन्ही बाटल्या गोधड्यांत शेजारी-शेजारी निजवल्या. नवरा म्हणाला, आता दोघींनी बारशाला घुगऱ्या तरी करा. त्याला दोघींनी मिळून झापलं.

दोन दिवसांनी काढल्या. दोन्ही काळ्या.

मग सासूबाई उठल्या, मोठं पातेलं काढलं आणि गॅसवर पाणी उकळायला ठेवलं. तेव्हापासून घरात तेच चालू आहे. "आजाऱ्याचं पाणी" म्हणतात त्या त्याला, तोंड वाकडं करून पितात, पण पोरीला देण्याआधी ते खळखळून उकळलं होतं का ते मला दहादा विचारतात.

दोन्ही बाटल्या काळ्या निघाल्या त्या संध्याकाळी मी तपासणीची वही काढली. दुसऱ्या दिवशी ती बाकीच्या चार बाया बघणार होत्या. सासूबाई शेजारी येऊन टेकल्या.

"दोन्ही काळ्या लिही. खोटं नको लिहू."

"लिहिलं."

"पर आडाची जरा उशिरा झाली असंल ना गं?"

गोधड्यांच्या आत कोणती आधी काळी झाली ते कुणालाच दिसलं नव्हतं, आणि वहीत उशिराचा रकाना नव्हता. मी गळ्यातलं कार्ड उलटं केलं आणि समासात लिहिलं: आडाची उशिरा.